कावळे इंदूरचे, उत्तर भोपाळचे



डिसेंबर २०२० च्या अखेरीस आपल्या इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडू लागले. तेव्हा अनेक पालकांनी आम्हाला फोन करून विचारले, अंडी खावीत की नाही? आम्ही काय सांगणार! मेलेल्या पक्ष्याकडे नुसते पाहून रोग ओळखता येत नाही. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि थोड्याच दिवसांत उत्तर आले : बर्ड फ्लू, विषाणू एच५एन८. अंडी नीट शिजवून खायला हरकत नव्हती.

या प्रयोगशाळेत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात. त्यामुळे हवा आत जाते, पण गाळल्याशिवाय बाहेर पडत नाही. काम करणारेही अंघोळ करूनच बाहेर येतात. अशी व्यवस्था साथ आल्यावर उभारता येत नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या मरत होत्या. पोल्ट्रीवाल्यांना वाटले, नेहमीचा राणीखेत रोग. दोन्हींची लक्षणे सारखीच दिसतात. भोपाळच्या तपासणीत एच५एन१ निघाला, आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. भारतातली बर्ड फ्लूची ती पहिली साथ. भोपाळची प्रयोगशाळा त्याआधीच तयार होती म्हणून निदान देशातच झाले.

रोग नसतो त्या वर्षी हा खर्च डोळ्यांत खुपतो. भोपाळची संस्था केंद्राची आहे, पण तिथवर नमुना पोचवायला गावोगावी पशुवैद्य लागतात, आणि ते घडवणे राज्याच्या विद्यापीठाचे काम. आपल्याजवळच महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ते जबलपूरच्या नानाजी देशमुख विद्यापीठाशी जोडलेले आहे. तिथल्या प्राध्यापकांची पदे आणि संशोधनाचा पैसा साथीपुरताच आठवून कसे चालेल? एच५एन८ ची माणसांना लागण झाल्याचे फेब्रुवारी २०२१ मध्ये रशियाने प्रथमच कळवले. म्हणजे हा प्रश्न कोंबड्यांपुरता नाही.

आमच्याकडे मात्र अजून पालक म्हणतात, "सर, डॉक्टर करा हो, ढोरांचा नको!"

यंदा नववीची सहल महूच्या महाविद्यालयात न्यावी, असे आम्ही विश्वस्त मंडळाला सुचवले आहे. तोवर आवारात मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका. आधी वर्गशिक्षकांना सांगा.