परसातली भाजी गच्चीवर



मधल्या सुट्टीत वर्गांतून फिरताना मी मुलांचे डबे पाहतो. चपाती-बटाटा, मॅगी, बिस्किटे. पालेभाजीचा डबा क्वचितच दिसतो. आश्चर्य याचे, की बेळगावची भाजी घाट उतरून गोव्याला जाते. आपली मेथी-कोथिंबीर पणजी-मडगावच्या स्वयंपाकघरात शिजते आणि आपल्याच मुलांच्या डब्यात नसते. पालकांना विचारले तर निवडायला वेळ नाही, भाव वाढला, ही कारणे मिळतात. आणखी एक कारण ते हळू आवाजात सांगतात : भाजीला पाणी कुठले मारले, कोणास ठाऊक! बळ्ळारी नाल्यातून शहराचे सांडपाणी वाहते आणि पावसाळ्यात तो फुगला की शिवारात पसरतो, हे शहापूर-वडगावच्या मंडळींना मी सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात, आणि त्यात बटाटा धरलेला नाही. चौघांच्या घराला रोज १ किलो ६०० ग्रॅम झाले. एवढे सगळे गच्चीवर पिकेल असे म्हणणे खोटे होईल. कांदा, फ्लॉवर, वांगी बाजारातूनच आणावी लागतील. पण तोडल्यावर काही तासांत मान टाकणारी पालेभाजी घराजवळ पिकवण्यात नक्कीच अर्थ आहे. मेथी आणि लाल माठ साधारण महिन्याभरात हाती येतात. पालक खुडत राहिले की पुन्हा फुटतो.

"जमीन कुठे आहे?" हा पहिला प्रश्न येतो. त्याचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. निपाणीहून फार लांब नसलेल्या गारगोटीच्या मौनी विद्यापीठात श्रीपाद अच्युत दाभोलकर गणित शिकवत. शेतीची पदवी नसलेल्या या शिक्षकाने 'प्रयोग परिवार' उभा केला. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात प्रयोग करायचा, नोंद ठेवायची आणि ती दुसऱ्याला कळवायची, एवढीच त्याची रीत. या रीतीने द्राक्ष बागायतदार शिकले. पुढे दाभोलकरांनी मांडले, की पाच माणसांचे कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकते. २००१ साली ते गेले. त्यांचे 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे. शेतीपेक्षा शिकवण्याविषयीच त्यात अधिक आहे, असे माझे मत आहे.

त्यांच्या विचारात माती आयती आणायची नसते, ती तयार करायची असते. प्रयोग परिवारातून आलेली कृती अशी : एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ दहा लिटर पाण्यात कालवून तीन दिवस ठेवावे, रोज दोन-तीनदा ढवळावे. चौथ्या दिवशी त्यात दहापट पाणी घालावे. वाळका पाला या पाण्यात एक दिवस भिजवून थरावर थर रचावा, मधे मूठ मूठ माती टाकावी आणि ओल टिकवावी. अधूनमधून वर-खाली केले, की काही महिन्यांत काळी, भुसभुशीत, हलकी माती मिळते. गच्चीसाठी हा हलकेपणा महत्त्वाचा, कारण नुसती शेतातली माती भरली तर स्लॅबवर वजन येते. आपल्याकडचा पाऊस लक्षात घेता कुंडीखाली विटा ठेवाव्यात आणि पाणी जाण्याची वाट मोकळी असावी. गच्ची आधीच गळत असेल तर हा उद्योग करू नये.

या विचाराने मुंबईत मोठे काम झाले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कर्मचाऱ्यांसाठी स्वयंपाक होणाऱ्या मध्यवर्ती भटारखान्यात प्रीती पाटील अधिकारी होत्या. भाजीची देठे-साले रोज निघत. ती कचऱ्यात टाकण्याऐवजी २००२ च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांसह गच्चीवर त्यांची माती केली आणि तिथे फळझाडे व भाज्या वाढवल्या. पुढे त्यांच्या 'अर्बन लीव्ज' गटाने माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेच्या गच्चीवर सामुदायिक शेती केली. स्वयंसेवक रविवारी जमत, काम करत आणि आलेली भाजी वाटून घेत. क्यूबातील हवाना शहरात तर १९९१ नंतर सोव्हिएत मदत तुटली, तेव्हा लोकांनी पडीक जागांत वाफे केले. तिथे ती गरज होती, हौस नव्हे.

आता आमची चूक सांगतो. पूर्वी एकदा आम्ही शाळेत वाफे केले होते. जूनमध्ये उत्साह, ऑगस्टमध्ये फोटो, दिवाळीच्या सुट्टीत सगळे वाळले. शिपाईमामांवर आम्ही सारा भार टाकला होता आणि सुट्टीत पाणी कोण घालणार, हे कोणी ठरवलेच नव्हते. बी, खत, माती सगळे ठीक होते. नव्हती ती माणसे. सामुदायिक शेतीतला 'समुदाय' आम्ही विसरलो. केंद्र सरकारने २०१९ साली शालेय पोषण परसबागेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, पण सुट्टीत पाणी घालायला शेवटी गल्लीतलीच माणसे लागतात.

म्हणून या वेळी एका वाफ्याला शाळेजवळची चार घरे, असा बेत आहे. आठवडा वाटून घ्यायचा, सुट्टीतही. निम्मी भाजी त्या घरांची, निम्मी शाळेच्या माध्यान्ह आहाराची. निवडायचे काम आजी-आजोबांनी अंगावर घ्यावे, मुले शेजारी बसतील. नोंदवही सातवीच्या मुलांकडे : काय पेरले, कधी उगवले, किती ग्रॅम निघाले. किडीने खाल्ले तर तेही लिहायचे.

मी हिंदी माध्यमातून शिकलो. तिकडे आई-वडिलांना 'अभिभावक' म्हणतात. त्यामुळे इथे नोकरीला लागलो तेव्हा 'पालक सभा' हा फलक वाचून मला भाजीच आठवली होती! येत्या पालक सभेला दोन्ही पालकांचा विषय आहे. येताना अंगणातला वाळका पाला जाळू नका, पोत्यात भरून आणा. ज्यांची घरे शाळेजवळ आहेत त्यांनी आपला वार सांगावा.