मेडिकल कोडिंग : आधी शरीर शिका, कोड मागाहून

बारावीला जीवशास्त्र घेतले, ‘नीट’मध्ये गुण कमी पडले, मग बी.एस्सी., बी.फार्म. किंवा फिजिओथेरपी झाली आणि आता पुढे काय, अशा वळणावर आलेल्या घरांत हल्ली ‘मेडिकल कोडिंग’ हा शब्द हमखास ऐकू येतो. काम थोडक्यात असे. अमेरिकेतल्या रुग्णाला तिथल्या डॉक्टरांनी तपासले, काय आढळले आणि काय केले ते लिहून ठेवले. तो चार्ट वाचून प्रत्येक निदानाला आणि उपचाराला ठरलेला कोड द्यायचा. त्या कोडच्या आधारे विमा कंपनीकडे क्लेम जातो. चेन्नई, हैदराबाद, कोइम्बतूर, पुणे, मुंबई अशा शहरांत हे काम चालते, आणि फोनवर बोलायचे नसल्याने ते बहुधा दिवसपाळीत होते. आईवडिलांच्या मनात मात्र शंका असतात. ही नुसती कारकुनी तर नाही? कोडची पद्धतच बदलली तर शिकलेले वाया जाईल का? आणि उद्या हे सगळे संगणक करणार नाही कशावरून? या शंका रास्त आहेत. त्यांचे उत्तर शोधायचे तर या क्षेत्रात अलीकडे झालेला सर्वांत मोठा बदल नीट समजून घ्यावा लागतो. निदानाचे कोड जसजसे बारीक होत गेले, तसतसे हे काम पाठांतराकडून वाचनाकडे सरकले. म्हणून ज्याला शरीररचना, रोगाची वाटचाल आणि डॉक्टरांची लिहिण्याची रीत कळते त्याच्यासाठी हे क्षेत्र चांगले आहे, आणि ज्याला फक्त कोड शोधता येतो त्याच्यासाठी ते दिवसेंदिवस अवघड होत जाणार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा, म्हणजे आयसीडीचा, उगम मृत्यूच्या नोंदींत आहे. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तिलों यांनी केलेली मृत्यूच्या कारणांची यादी १८९३ मध्ये शिकागोच्या बैठकीत स्वीकारली गेली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडे ही जबाबदारी आली आणि मृत्यूबरोबर आजारही यादीत आले. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अमेरिकेने मृत्यूच्या नोंदींसाठी ती १९९९ पासून वापरली, पण रुग्णालयांची बिले तिथे पुढची कित्येक वर्षे नवव्या आवृत्तीवरच चालत राहिली. तारीख आधी २०१३, मग २०१४ आणि शेवटी २०१५ अशी पुढे ढकलली गेली, आणि १ ऑक्टोबर २०१५ ला बदल झाला. जुन्या पद्धतीत निदानाचे सुमारे १४ हजार कोड होते. नव्या पद्धतीत ते ६८ हजारांच्या पुढे गेले. हा आकडा ऐकून कुणीही घाबरेल. मुलाने ६८ हजार कोड लक्षात ठेवायचे कसे?

तर ते ठेवायचेच नसतात, आणि हे एका मोडलेल्या मनगटावरून सहज दाखवता येते. तळहातावर पडून मनगटाजवळ हाड मोडते, त्या ‘कोलीस फ्रॅक्चर’ला जुन्या पद्धतीत दोन कोड होते: जखम बंद असेल तर ८१३.४१, उघडी असेल तर ८१३.५१. उजवा हात की डावा, हे त्या आकड्यांतून कळत नसे. नव्या पद्धतीत याच फ्रॅक्चरसाठी ४८ कोड आहेत. पण त्यांच्या मुळाशी प्रश्न मोजकेच आहेत. हात उजवा, डावा की नोंदलेलाच नाही? जखम बंद आहे की उघडी, आणि उघडी असेल तर किती गंभीर? उपचार कोणत्या टप्प्यावर आहेत: सुरुवातीचे उपचार चालू आहेत, हाड नीट भरून येत आहे, भरायला उशीर होतो आहे, जुळलेच नाही, वाकडे जुळले, की जुन्या इजेचा परिणाम मागे राहिला आहे? हाताचे तीन पर्याय आणि शेवटच्या अक्षराचे सोळा पर्याय यांचा गुणाकार ४८ होतो. या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात नसतात, ती डॉक्टरांच्या टिपणात असतात. त्यातही एक जागा अशी आहे जिथे नवशिके हटकून चुकतात. शेवटचे ‘ए’ हे अक्षर पहिल्या भेटीसाठी आहे असे ते धरून चालतात. नियम मात्र सांगतो की सक्रिय उपचार चालू असेपर्यंत ‘ए’च द्यायचे, मग रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे का गेलेला असेना. प्लॅस्टर काढणे, हाड जुळले का ते एक्स-रेने पाहणे हे पुढच्या टप्प्यात मोडते. म्हणजे उपचार कधी संपतात आणि बरे होणे कधी सुरू होते हे ज्याला कळते, त्यालाच हे अक्षर बरोबर देता येते.

मधुमेहाचे उदाहरण याहून बोलके आहे. गुंतागुंत नसलेल्या टाइप २ मधुमेहाला ई११.९ हा कोड. त्याच रुग्णाला मूत्रपिंडाचा दीर्घ आजार असेल तर ई११.२२, आणि आजार कितव्या टप्प्यात आहे ते सांगायला एन१८ गटातला आणखी एक कोड. डॉक्टरांनी दोन्ही आजार लिहिले पण एकामुळे दुसरा झाला असे म्हटले नाही, तर? अमेरिकेची अधिकृत नियमावली म्हणते की या जोडीत संबंध गृहीत धरावा. डॉक्टरांनी स्पष्टपणे दुसरे कारण दिले असेल तरच धरू नये. आता समजा, मूत्रपिंडाचा टप्पा लिहिलेला नाही, पण रक्ताच्या अहवालातला आकडा समोर आहे. बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. झालेल्या कोडरचा हात इथे शिवशिवतो, कारण त्याला टप्पा कळलेला असतो. तरीही त्याने तो स्वतःहून ठरवायचा नाही. निदान करण्याचा अधिकार उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, कोडरने फार तर त्यांना प्रश्न पाठवायचा. अमेरिकेत ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत खासगी विमा कंपन्यांना मिळणारा पैसा रुग्णाच्या निदानांच्या गांभीर्यावरही ठरतो, त्यामुळे नसलेला आजार चढवून लिहिणे तिथे कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. आजार समजणे आणि समजूनही मर्यादेत राहणे, असे दोन्ही ज्या कामात लागते त्याला कारकुनी म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही. एक मात्र मान्य करायला हवे. रोज ठरावीक चार्ट संपवायचे, आणि अचूकता साधारण ९५ टक्क्यांवर ठेवायची, हा ताण खरा आहे. ज्या मुलाला तासन्‌तास एका जागी बसून वाचणे नकोसे होते त्याला या कामात ढकलू नये.

पद्धत बदलली की शिकलेले मातीमोल होईल, या भीतीला २०१५ चा अनुभवच उत्तर देतो. त्या वेळी क्लेम अडकतील, दवाखाने आर्थिक अडचणीत येतील, असे इशारे दिले जात होते. बदलानंतरच्या पहिल्या महिन्यात मेडिकेअरकडे दररोज सुमारे ४६ लाख क्लेम आले. त्यांपैकी नामंजूर झाले १०.१ टक्के, आधीचे प्रमाणही १० टक्केच होते. चुकीच्या नव्या कोडमुळे परत गेलेले क्लेम अवघे ०.०९ टक्के. यावर आक्षेप घेता येतो, आणि तो खरा आहे: मेडिकेअरने पहिले वर्ष सवलत दिली होती, कोड योग्य गटातला असेल तर पुरेसा बारीक नाही एवढ्याच कारणावरून डॉक्टरांचा क्लेम नाकारायचा नाही असे ठरले होते, आणि सगळ्यांना तयारीला वाढीव मुदतही मिळाली होती. म्हणून या आकड्यांवरून ‘बदल सोपा असतो’ असे मी म्हणणार नाही. पण एवढे नक्की म्हणता येते की ज्यांना मनगटाची हाडे माहीत होती त्यांना नवा कोड शिकायला फार काळ लागला नाही, कारण हाडे तीच राहिली. तोंडपाठ ८१३.४१ चा मात्र त्या कामात एका रात्रीत उपयोग संपला.

आता अकरावी आवृत्तीही आली आहे. जागतिक आरोग्य सभेने ती मे २०१९ मध्ये स्वीकारली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. तिची घडण वेगळी आहे. प्रत्येक बारकाव्याला स्वतंत्र कोड देण्याऐवजी मूळ आजाराचा एक कोड घ्यायचा आणि त्याला बाजू, तीव्रता, कारण यांचे जोडकोड लावत जायचे. टाइप २ मधुमेह तिथे ५ए११ झाला आहे. अमेरिकेने बिलांसाठी ही आवृत्ती कधी घ्यायची ते ठरवलेले नाही, आणि दहावी यायला तिथे २५ वर्षे लागली हे पाहता घाई होईल असेही दिसत नाही. पण आज २२ वर्षांचा असलेला मुलगा आणखी पस्तीस वर्षे काम करणार आहे. त्याच्या हयातीत हा बदल येईल असे धरूनच त्याने पाया घालावा.

राहिली यंत्राची शंका, आणि ती सर्वांत वजनदार आहे. चार्ट वाचून कोड सुचवणारी सॉफ्टवेअर बरीच वर्षे वापरात आहेत. एक्स-रेसारख्या ठरावीक साच्याच्या अहवालांना माणसाचा हात न लागता कोड देणाऱ्या प्रणालीही आल्या आहेत. अकरावी आवृत्ती तर संगणकासाठीच घडवलेली आहे. ‘माणसाची जागा कुणी घेऊ शकत नाही’ असे सांगून पालकांची समजूत काढणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. साधे, पुन्हा पुन्हा येणारे चार्ट आधी यंत्राकडे जातील, आणि फ्रेशर नेमक्या त्याच चार्टांवर हात बसवत आला आहे. त्यामुळे दारातून आत शिरणे अवघड होईल. माणसाकडे उरेल ते म्हणजे यंत्राने दिलेला कोड तपासणे, नामंजूर क्लेम का नाकारला ते शोधणे, अनेक आजार एकत्र असलेल्या भरती रुग्णाचा गुंतलेला कागद सोडवणे, डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारणे. ही कामे तीन महिन्यांच्या कोर्समधून येत नाहीत. म्हणून पदवी अर्धवट सोडून कोडिंगचे प्रमाणपत्र घेण्याचा बेत असेल तर तो रद्द करावा, आणि पदवीच्या काळात शरीररचना व शरीरक्रियेचे पेपर ‘पास होण्यापुरते’ वाचले असतील तर ते पुन्हा वाचावेत.

भारतातल्या संधींविषयी मोजूनमापून बोलले पाहिजे. आपल्याकडच्या आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयाला पैसे ठरलेल्या पॅकेजनुसार मिळतात, त्यामुळे अमेरिकेसारखी कोडरांची मागणी इथे लगेच उभी राहणार नाही. तरी आरोग्यनोंदी डिजिटल होत आहेत आणि त्यांच्या मानकांचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्येच आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्या निदानांसाठी अकराव्या आवृत्तीत नवा भाग आला. तो १० जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत जाहीर झाला. बी.ए.एम.एस.च्या विद्यार्थ्यांनी त्याकडे लक्ष ठेवावे. आपल्या शास्त्रातल्या व्याधी जगाच्या तक्त्यात कशा मांडायच्या, या कामाला दोन्ही भाषा कळणारी माणसे लागतील.

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न कोर्सचा. कंपन्या ज्याला मान देतात ते ‘सीपीसी’ प्रमाणपत्र अमेरिकेतल्या एएपीसी या संस्थेचे आहे. परीक्षा चार तासांची, प्रश्न १००, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. आणि कोडची पुस्तके सोबत ठेवायला परवानगी असते. परीक्षा घेणाऱ्यांनाच जर पाठांतर नको आहे, तर पाठांतर करून घेणाऱ्या क्लासला पैसे कशासाठी द्यायचे? अनुभव नसेल तर उत्तीर्ण झाल्यावरही नावापुढे शिकाऊ असल्याची खूण राहते, हेही आधीच माहीत असावे. क्लासमध्ये चौकशीला गेलात तर शरीररचना किती तास शिकवता, नाव-पत्ता काढून टाकलेले खरे चार्ट किती सोडवून घेता आणि पुस्तके चालू वर्षाची आहेत का, एवढे विचारा. कोड दर १ ऑक्टोबरला सुधारले जातात, जुन्या पुस्तकावर शिकण्यात अर्थ नाही. त्याआधी एक बिनखर्चाची परीक्षा घरीच घेता येते. अमेरिकेचे निदान-कोड आणि त्यांची नियमावली सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते. रोज संध्याकाळी तासभर तिचा एकेक भाग वाचायचा, न कळलेला शब्द शरीररचनेच्या पुस्तकात शोधायचा, आणि घरातल्या कुणाचे डिस्चार्ज कार्ड त्यांच्या संमतीने समोर घेऊन त्यातल्या निदानाला कोड शोधून पाहायचा. तीन आठवड्यांनंतरही मुलगा किंवा मुलगी आपण होऊन ते पुस्तक उघडत असेल, तर फीचे बोलणे करायला हरकत नाही.