चित्रकाराचा स्पंज



चित्रकलेच्या वर्गात एक प्रसंग हमखास घडतो. मुलाने मन लावून चित्र काढलेले असते. खाली समुद्र, त्यात होडी, वर निळे आकाश. चित्र संपत आलेले असताना कुंचल्यातून काळ्या रंगाचा एक थेंब नेमका आकाशात पडतो. मूल रडवेले होते आणि कागद फाडायला निघते. जाणत्या बाई त्याचा हात धरतात, त्या डागाला दोन बारीक पंख काढतात आणि डागाचा पक्षी होतो. घरी गेल्यावर सगळे त्या पक्ष्याचेच कौतुक करतात.

हा पक्षी कोणी काढला? मुलाने, बाईंनी की चुकून पडलेल्या थेंबाने? चित्रकार हा प्रश्न दोन हजारांहून अधिक वर्षे विचारत आले आहेत. तो केवळ चित्रांपुरता नाही, म्हणून आज त्याचा थोडा अभ्यास करू या.

१. कुत्र्याच्या तोंडचा फेस

इसवी सनपूर्व चौथ्या शतकात ग्रीकांच्या ऱ्होड्स बेटावर प्रोटोजेनीस नावाचा चित्रकार राहत होता. त्याची गोष्ट रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे. इयालिसस या वीरपुरुषाचे चित्र काढताना प्रोटोजेनीस भिजवलेल्या कडधान्यावर राहिला. जड जेवणाने हात आणि नजर मंदावू नये, हा त्याचा हेतू. रंग उडाला तरी खालचा थर दिसावा म्हणून त्याने चित्रावर रंगाचे चार थर दिले. प्लुटार्क हा लेखक सांगतो की, या चित्रासाठी त्याने सात वर्षे घेतली.

चित्रात एक धापा टाकणारा कुत्रा होता. कुत्रा उत्तम उतरला, पण त्याच्या तोंडचा फेस काही केल्या जमेना. फेस तोंडातून आलेला नव्हे, वरून रंगवलेला वाटे. प्रोटोजेनीसने तो कितीदा पुसला, कितीदा कुंचले बदलले. शेवटी चिडून त्याने रंग पुसायचा स्पंज त्या जागेवर फेकून मारला. पाहतो तो काय? हवा तसा फेस चित्रात उतरला होता!

यामागे जादू नाही. कुंचल्याचा प्रत्येक फटकारा हाताने ठरवून मारलेला असतो आणि फेस तर ठरवून होत नाही. त्याचे बुडबुडे लहानमोठे, वेडेवाकडे असतात. स्पंजाची छिद्रेही तशीच. शिवाय दिवसभर पुसलेले सगळे रंग त्या स्पंजात मुरलेले होते. म्हणजे स्पंजाने जे दिले, ते त्याच्या आधीच्या फसलेल्या प्रयत्नांतूनच आले होते.

हीच गोष्ट घोड्याच्या तोंडच्या फेसाबद्दल इतर ग्रीक चित्रकारांच्या नावावरही सांगितली जाते. एकाच प्रकारची गोष्ट इतक्यांच्या नावावर चालावी, याचा अर्थ असा अनुभव कलावंतांना ओळखीचा होता.

२. लिओनार्दोची ताकीद

मग कष्ट कशाला करायचे? स्पंजच फेकत बसावे की!

असे म्हणणारा एक चित्रकार पंधराव्या शतकात इटलीत निघाला. त्याचे नाव बॉटिचेल्ली. निसर्गचित्रासाठी वेगळा अभ्यास नको, निरनिराळ्या रंगांनी भरलेला स्पंज भिंतीवर फेकला की त्या डागात सुंदर देखावा दिसतो, असे त्याचे म्हणणे होते. लिओनार्दो दा विंची याने आपल्या टिपणांत त्याला उत्तर दिले आहे.

लिओनार्दो डागांना मुळीच तुच्छ मानत नव्हता. ओल आलेल्या भिंती, राख, ढग, चिखल यांच्याकडे निरखून पाहा, त्यांत डोंगर, नद्या, लढाया, चेहरे दिसतील, असा सल्ला तोच शिष्यांना देई. घंटानादात आपल्याला हवे ते नाव ऐकू येते, तसेच हे आहे, असेही तो म्हणे. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर आपणही लहानपणी हत्ती-घोडे पाहिलेच आहेत. पण डाग कल्पना सुचवतो, चित्र पुरे करायला शिकवत नाही, हे त्याने बजावले. ज्याने झाडाचा, पाण्याचा, दगडाचा अभ्यास केलेला नाही, त्याला डागात डोंगर दिसला तरी तो काढता येणार नाही. बॉटिचेल्लीची निसर्गदृश्ये कशी फिकी आहेत, हेही सांगायला तो विसरला नाही.

३. योगायोग की योजना?

लिओनार्दोच्या आधी काही वर्षे फ्लॉरेन्स शहरात फ्रा अँजेलिको नावाचे एक डॉमिनिकन धर्मगुरू होऊन गेले. १४३८ नंतरच्या काळात सान मार्को येथील मठाच्या भिंती त्यांनी व त्यांच्या साहाय्यकांनी रंगवल्या. ही चित्रे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढायची असतात. गिलावा ओला आहे तोवर रंग त्यात मुरतो आणि वाळल्यावर भिंतीचाच भाग होतो. म्हणून एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा. हात चुकला तर तेवढा भाग खरवडून पुन्हा गिलावा करण्यावाचून फारसा इलाज नसतो.

सोळाव्या शतकातील चरित्रकार वसारी लिहितो की, फ्रा अँजेलिको एकदा काढलेल्या चित्रात सुधारणा करीत नसत. जसे उतरले तशीच देवाची इच्छा, अशी त्यांची श्रद्धा होती. त्याच मठाच्या वरच्या मजल्यावर पवित्र मरिया, बाळ येशू व संत यांचे एक मोठे चित्र आहे. त्याच्या खाली संगमरवरी फरशीसारखे चार चौकोन रंगवलेले असून त्यांवर रंगाचे थेंब शिंपडलेले दिसतात. वर प्रत्येक चेहरा जपून रेखलेला आणि खाली मोकळे शिंतोडे! दोन्ही एकाच भिंतीवर आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८२ साली फ्रा अँजेलिको यांना धन्यवादित घोषित केले.

त्यांच्याच संघातील संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात योगायोगाविषयी एक साधे उदाहरण दिले होते. एक मालक आपल्या दोन नोकरांना एकाच ठिकाणी पाठवतो, पण एकाला दुसऱ्याविषयी सांगत नाही. तिथे भेट झाल्यावर दोघे म्हणतात, काय हा योगायोग! त्यांच्या दृष्टीने तो योगायोगच आहे. मालकाच्या दृष्टीने ती योजना आहे. एकच घटना योगायोग आणि योजना दोन्ही असू शकते. मात्र एक गोष्ट विसरू नये. ते दोन नोकर निघालेच नसते, तर त्यांची भेट झाली नसती.

४. प्रत्येक डागाचा पक्षी होत नाही

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लिओनार्दोला सावकाश, बदल करत काम करायला आवडे. ओल्या गिलाव्याची घाई त्याला मानवेना. म्हणून मिलान शहरातील मठाच्या भोजनगृहात प्रभूच्या शेवटच्या भोजनाचे चित्र (१४९५–१४९८) काढताना त्याने कोरड्या भिंतीवर रंगवण्याचा प्रयोग केला. रंगाने भिंत नीट धरली नाही. त्याच्या हयातीतच चित्राचे पोपडे निघू लागले. इतका मोठा कलावंत, पण त्याला तिथे कोणताही स्पंज वाचवायला आला नाही.

याच चित्राची आणखी एक हकिकत आहे. ऑगस्ट १९४३ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात ते भोजनगृह कोसळले. छप्पर गेले, एक बाजूची भिंत पडली. चित्राची भिंत मात्र उभी राहिली. अनेकांना हा चमत्कार वाटला. तसे वाटण्यात गैर नाही. पण हल्ल्याआधीच कोणीतरी त्या भिंतीला वाळूची पोती रचून ठेवली होती, हेही लक्षात ठेवू या.

समारोप

या गोष्टींतून एवढे हाती लागते. सुखद योगायोग मागून मिळत नाही आणि त्याचे श्रेयही एकट्याने घेता येत नाही. तो बहुधा कष्टांच्या शेवटी, आपली युक्ती संपलेली असताना येतो. आला तरी तो ओळखणारी नजर हवी आणि पुढे नेणारा हात हवा. प्रोटोजेनीसने स्पंज रागाने फेकला, पण पुन्हा चित्राकडे पाहिले. न पाहताच त्याने ते पुसून टाकले असते, तर?

आपल्याही ठरवलेल्या चित्रावर डाग पडतात. हवी ती नोकरी हुकते, आजारपण येते, मुलगा आपण आखलेली वाट सोडून दुसरीच धरतो. त्या प्रत्येक डागाचा पक्षी होईलच, असे वचन कोणी देऊ शकत नाही. काही डाग डागच राहतात. पण कागद फाडला, तर पक्ष्याची शक्यताच संपते. म्हणून फाडण्याआधी एकदा नीट पाहावे.

चिंतनासाठी प्रश्न

१. माझ्या आयुष्यात ‘चुकून’ घडलेली कोणती गोष्ट पुढे चांगली ठरली? तिच्याआधी मी कोणते कष्ट घेतले होते?

२. मुलांच्या वहीत डाग पडला की मी आधी रागावतो, की त्यांच्यासोबत तो डाग पाहतो?

३. माझ्या भिंतीला वाळूची पोती रचून ठेवणारे कोण होते? त्यांची मला आठवण आहे का?