गॅस कमी, की शेगडी तुंबलेली?

बायोगॅस संयंत्र बसवून दोन-तीन वर्षे झाली की अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते : गॅस पुरत नाही. मग संयंत्रात शेण वाढवले जाते, तरीही ज्योत मंदच राहते आणि अखेर परसातील चूल पुन्हा पेटते. थंडीत गॅसनिर्मिती खरोखरच घटते. परंतु पुष्कळदा दोष संयंत्रात नसून शेगडीत असतो. तो ओळखणे अवघड नाही. तरंगत्या टाकीच्या संयंत्रात टाकी वर उचललेली असेल, अथवा दीनबंधू संयंत्रात बाहेरच्या कुंडीतील स्लरीची पातळी चढलेली असेल, तर गॅस साठलेला आहे. अशा वेळी अडथळा नळीत किंवा बर्नरमध्ये शोधावा.

बायोगॅसमध्ये साधारणतः ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड. त्यासोबत पाण्याची वाफ आणि अल्प प्रमाणात हायड्रोजन सल्फाइडही येतो. वाफ थंड होऊन नळीच्या सखल भागात पाणी साचते आणि ज्योत लपलपू लागते. हे पाणी सापळ्यातून नियमितपणे काढावे. ओलाव्याबरोबर हायड्रोजन सल्फाइड धातू खातो. गंजाचे कण आणि उतू गेलेले दूध यांनी बर्नरची छिद्रे बुजतात.

सफाईपूर्वी गॅसचा मुख्य कॉक बंद करून शेगडी पूर्ण थंड होऊ द्यावी. बर्नरची टोपी काढून साबणाच्या गरम पाण्यात भिजवावी, तारेच्या ब्रशने घासावी आणि छिद्रे खराट्याच्या काडीने मोकळी करावीत. खिळा किंवा ड्रिल वापरण्याची सवय सर्वत्र दिसते. ती मोडलीच पाहिजे. छिद्र एकदा रुंदावले की ज्योत पूर्ववत होत नाही. जेटमध्येही सुई घालू नये. धुतलेले भाग उन्हात पूर्ण वाळवूनच बसवावेत.

त्यानंतर हवेची चकती जुळवावी. ज्योत पिवळी असून भांड्याला काजळी धरत असेल, तर हवा कमी पडते. चकती थोडी उघडावी. ज्योत आवाज करीत बर्नरपासून सुटत असेल, तर चकती थोडी मिटावी. स्थिर, निळी ज्योत हीच योग्य जुळणीची खूण होय.

काही घरांत एलपीजीची शेगडीच बायोगॅसला जोडलेली आढळते. तिचे जेट बायोगॅससाठी फार बारीक असते, त्यामुळे ती कितीही घासली तरी उष्णता अपुरीच मिळते. तेथे बायोगॅसची शेगडीच बसवावी.

शेवटी सर्व सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे उठले तर गळती आहे. गळती शोधण्यासाठी काडी कधीही पेटवू नये. रबरी नळी ताठर झाली असेल किंवा तिला भेगा पडल्या असतील, तर ती त्याच दिवशी बदलावी. कुजक्या अंड्यासारखा वास आल्यास कॉक बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेच्या बटणाला हात लावू नये.