इंजिनिअर होऊं पाहणाऱ्यांचीं चार वर्षें

शालान्त परीक्षा संपतांच तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं एकच विषय निघतो : पुढें काय? आणि ज्याचें गणित बरें आहे त्याच्यापुरतें उत्तरही बहुधा ठरलेलें असतें, कीं मुलानें इंजिनिअर व्हावें. या उत्तरास माझी हरकत नाहीं. परंतु प्रवेश कसा मिळेल याची जितकी चिंता घरोघर होते, तिच्या दशांशानेंही प्रवेशानंतरचीं चार वर्षें कशीं घालवावयाचीं याचा विचार होत नाहीं. जणूं कॉलेजच्या एका दारानें मुलगा आंत गेला कीं दुसऱ्या दारानें इंजिनिअर आपोआप बाहेर पडतो!

सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांचें नांव तुम्हीं ऐकलें आहे. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपल्याकडे अभियंता दिन म्हणून पाळतात. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजांत असतां ते शिकवण्या करून आपला खर्च भागवीत. १८८१ सालीं बी. ए. झाल्यावर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्यास सायन्स कॉलेजांत आले, (१८५४ सालीं निघालेली तीच संस्था आज अभियांत्रिकीचें विद्यापीठ झाली आहे,) आणि १८८३ मध्यें तेथील परीक्षेंत पहिले आले. पुढल्या वर्षीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत त्यांस नोकरी लागली. भिंत न वाढवितां तलावांत अधिक पाणी सांठवावें म्हणून त्यांनीं योजिलेले आपोआप उघडणारे दरवाजे खडकवासल्यास बसले ते १९०३ सालीं. पदवी आणि ते दरवाजे यांत वीस वर्षांचें अंतर आहे. पहिल्या नोकरीच्या पगारावरून मुलाच्या शिक्षणाचें मोल ठरविणाऱ्या पालकांनीं हें अंतर अवश्य ध्यानांत घ्यावें.

आतां पहिल्या वर्षाविषयीं. प्रवेश परीक्षेच्या श्रमांनीं थकलेला मुलगा या वर्षीं विसांवा घेऊं पाहतो. आणि नेमकें हेंच वर्ष पायाचें असतें. गणित, पदार्थविज्ञान, यंत्रशास्त्राचीं मूलतत्त्वें व ड्रॉइंग हे विषय ‘आमच्या शाखेचे नव्हेत’ म्हणून कसेबसे उरकले जातात. त्याचा परिणाम काय होऊं शकतो तें पाहा.

कॅनडांत क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर एक प्रचंड पोलादी पूल बांधला जात होता. त्याचा मधला गाळा मूळ आराखड्यांत १६०० फुटांचा होता. तो पुढें १८०० फुटांचा करण्यांत आला. गाळा वाढला म्हणजे पोलाद वाढलें, आणि पोलाद वाढलें म्हणजे पुलाचें स्वतःचें ओझें वाढलें, हें शाळेंतील मुलासही समजेल. परंतु त्या ओझ्याचा हिशेब वेळेवर नव्यानें मांडला गेला नाहीं. खालच्या बाजूचे दाब सोसणारे भाग वांकूं लागले. कामावरील एका तरुण इंजिनिअरनें तो वांक मोजला, आणि ती गोष्ट सांगण्यास तो स्वतः न्यूयॉर्कला मुख्य सल्लागाराकडे गेला. सल्लागारानें तार केली खरी, पण ती पोलादाच्या कंपनीच्या कचेरीस. पुलावरील काम चालूच राहिलें. २९ ऑगस्ट १९०७ रोजीं, त्याच सायंकाळीं, पूल नदींत कोसळला व ७५ कामगार प्राणांस मुकले.

यांत जें गणित चुकलें तें पहिल्या वर्षाच्या पुस्तकांतील ओझ्याचेंच गणित होतें. आणि दुसरें : धोक्याचा निरोप योग्य माणसास, योग्य शब्दांत व त्याच क्षणीं पोंचविणें हेंही इंजिनिअरचेंच काम आहे. म्हणून निबंधाच्या तासास हंसूं नका. २०२१ पासून कांहीं ठिकाणीं अभियांत्रिकी मराठींतून शिकण्याची सोय झाली आहे, ही आनंदाची गोष्ट; पण भाषा कोणतीही असो, अहवाल वाचणाऱ्यास दुसऱ्यांदा विचारावें लागूं नये असा तो लिहितां आला पाहिजे.

वर्कशॉपचे तास कंटाळवाणे वाटतात. कानस चालवून हातास फोड येतात आणि तुकडा कांहीं चौरस होत नाहीं! परंतु ज्यानें स्वतः कानस धरली तो पुढें जुळाऱ्यास अशक्य काम सांगत नाहीं. स्थापत्य शाखेच्या मुलानें गवंड्याजवळ बसून ओळंबा कसा धरतात तें पाहावें, व त्यास ‘मिस्त्री’ म्हणून आदरानें हांक मारावी. पुष्कळ शिकावयास मिळेल.

दुसऱ्या व तिसऱ्या वर्षांच्या उन्हाळी सुट्या फुकट घालवूं नका. कारखान्यांत वा बांधकामावर उमेदवारी मिळवावी, आणि तिच्यासाठीं अर्ज दोन-तीन महिने आधीं करावे. रोज काय पाहिलें, काय समजलें नाहीं, हें एका वहींत टिपावें. न समजलेल्या गोष्टींची यादी घेऊन प्राध्यापकांकडे जाणारा विद्यार्थी त्यांस सहसा नकोसा होत नाहीं.

एखाद्या विषयांत नापास झालांत तर तें घरीं लपवूं नका. तुंबलेले विषय कर्जाप्रमाणें वाढतात. पालकांनींही तें शांतपणें ऐकावें, म्हणजे मुलांस लपविण्याचें कारणच उरणार नाहीं. ज्यांस खर्चाची विवंचना आहे त्यांनीं दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश घेण्याचा मार्ग विचारांत घ्यावा. तो कमीपणाचा आहे असें मला मुळींच वाटत नाहीं. मुलींच्या पालकांस एवढेंच सांगतों कीं, १९५३ सालीं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून शकुंतला भगत स्थापत्याच्या पदवीधर झाल्या, आणि पुढें तयार भाग जोडून पूल उभारण्याची पद्धति त्यांनीं पतीच्या सहकार्यानें सिद्ध केली.

शेवटच्या वर्षींचा प्रकल्प विकत आणण्याची चाल पडली आहे. ती निंद्य आहे, कारण मुलाखतींत पहिला प्रश्न त्याच प्रकल्पावर येतो. पुढें शिकावयाचें असेल तर ‘गेट’ परीक्षेची तयारी तिसऱ्या वर्षींच सुरू करावी. केंद्रीय लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा स्थापत्य, यंत्र, विद्युत्, आणि इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार या शाखांसाठीं असते. सरकारी नोकरीची आवड असणारानें शाखा निवडतांनाच हें पाहून ठेवावें.

हें सर्व पुढचें झालें. या सुटींत मात्र एक काम आजच करतां येईल. टेप घेऊन आपलें घर मोजा व प्रमाणांत त्याचा नकाशा काढा. भिंतींची जाडी मोजावयास बहुतेक जण विसरतात. मग खोल्यांची बेरीज घराच्या बाहेरच्या लांबीशीं जमत नाहीं. ती कां जमत नाहीं हें शोधण्यांत एक दुपार सहज जाईल.