एका दिवसात दोन लढाया

प्रश्न : कर्जत-खालापूरचा युद्धेतिहास स्वतःच फिरून एका दिवसात पाहायचा आहे. काय पाहावे?

उत्तर : किल्ल्यांचा मोह या दिवसापुरता आवरा. सकाळी लवकरच्या लोकलने खोपोली गाठा आणि रिक्षा ठरवून पाली रस्त्याने शेमडीवरून चावणीला जा. इथली उंबरखिंड माझ्या मते रायगड जिल्ह्यातली सर्वांत कमी पाहिली जाणारी महत्त्वाची रणभूमी आहे. शाइस्ताखानाने कोकणात पाठवलेला कारतलबखान 2 फेब्रुवारी 1661 रोजी इथे शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडला. पुढची-मागची वाट बंद, वर झाडीत मावळे, खाली तहानलेली फौज. खानासोबतच्या मुघल सरदारीण रायबाघनने शरण जाण्याचा सल्ला दिला, तेव्हा खंडणी देऊन खान सुटला. अंबा नदीपात्रातल्या स्मारकापाशी उभे राहून चारी बाजूंचे डोंगर नीट न्याहाळा; ही लढाई भूगोलाने अर्धी जिंकली होती, हे तिथेच पटते.

दुपारी दुसऱ्या लढाईसाठी कर्जतमार्गे नेरळला या. हुतात्मा चौकात माथेरानचे भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील यांची आठवण जपली आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, 1942 मध्ये त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या क्रांतिकारी गटाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात दोघे हुतात्मा झाले. सिद्धगड मुरबाड तालुक्यात आहे, त्याला वेगळा दिवस द्या.

पावसाळ्यात नदीपात्रात उतरू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. चावणीत खाण्याची सोय धरून चालू नका, पाणी आणि डबा खोपोलीतूनच घ्या.