रविवारी आडवं झालं की अपराधी वाटतं

प्रश्न : रोज पनवेलहून हार्बर लोकलने सीएसएमटीला नोकरीला जातो, रात्री स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. रविवारी जरा आडवा झालो तरी अपराधी वाटतं, आणि पुस्तक उघडलं तर मन लागत नाही. काय करू?
– एक वाचक, कोन (पनवेल)

उत्तर : हा आळस नाही, थकवा आहे. एका बाजूचा सव्वा तासाहून जास्त प्रवास तुम्ही कष्टात धरत नाही. शरीर मात्र धरतं. म्हणून घरी आल्याआल्या पुस्तक उघडू नका. आंघोळ, जेवण, थोड्या गप्पा, मगच तासभर अभ्यास. उठताना एखादं गणित मुद्दाम अर्धवट सोडा. दुसऱ्या दिवशी सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच उरत नाही. झोपेला मात्र कात्री नको, कारण वाचलेलं झोपेतच पक्कं होतं.

आणि रविवार? तुमच्या कोनमध्ये गिरणी कामगारांना घरं मिळाली. त्याच कामगारांच्या आधीच्या पिढ्यांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. ती हक्काची आहे. निदान दुपारपर्यंत अभ्यासाचं नावही काढू नका. संध्याकाळी वाटलं, तर बसा.